डिबगर जोडलाय, पण चिप उत्तर देत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घोळक्याने दिसायला लागतात, आणि माझ्या फोनवर त्याच त्या स्क्रीनशॉटची रांग लागते. लाल अक्षरं, 'टार्गेट सापडलं नाही', 'डिव्हाइस आयडी शून्य'. नोकरीतल्या मंडळींचे प्रश्न वर्षभर येतात, फक्त तेव्हा स्क्रीनशॉटखाली 'उद्या डेमो आहे' असं लिहिलेलं असतं. मायक्रोकंट्रोलर चिपला डिबगर (चालता प्रोग्रॅम आतून तपासायचं साधन) जोडताना पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, पण प्रश्न ३ सोडून पुढे जाऊ नका.

१. माझ्याकडे यूएसबीएएसपी आहे. त्याने डिबग करता येईल का?

नाही. यूएसबीएएसपी हा नुसता प्रोग्रॅमर: चिपमध्ये कोड बर्न करतो आणि बाजूला होतो. डिबगर त्यानंतरही चिपशी बोलत राहतो. चालता प्रोग्रॅम थांबवतो, रजिस्टरमध्ये काय आहे ते दाखवतो, एकेक ओळ पुढे नेतो. त्यासाठी चिपच्या पोटातही डिबगचं सर्किट असावं लागतं. एसटी-लिंक, जे-लिंक, पिकिट, अ‍ॅटमेल-आइस दोन्ही कामं करतात. कनेक्शनची दुखणी मात्र प्रोग्रॅमर आणि डिबगर दोघांची सारखीच, म्हणून खाली दोन्ही येतील.

२. नक्की किती वायरी जोडायच्या?

चिप कुठल्या घराण्यातली आहे त्यावर. एसटीएम३२, एनआरएफ५२, पिकोवरची आरपी२०४० अशा आर्म कॉर्टेक्स-एम चिपना एसडब्ल्यूडी (दोन सिग्नलांचं डिबग कनेक्शन) पुरतं: एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक), ग्राउंड, आणि बोर्डचा व्होल्टेज डिबगरला कळावा म्हणून व्हीटीरेफ. पाचवी वायर रीसेटची. ती लोक वाचवतात आणि आठवड्याने प्रश्न १० विचारतात.

जेटॅग या जुन्या कनेक्शनला टीसीके, टीएमएस, टीडीआय, टीडीओ असे चार सिग्नल. हे जेटॅग १९९० मध्ये आयईईई ११४९.१ म्हणून प्रमाणित झालं ते मुळात बोर्डवरचं सोल्डरिंग तपासायला. डिबगिंग नंतर त्याच वाटेने आलं. मायक्रोचिपच्या पिक चिपला एमसीएलआर (रीसेट), व्हीडीडी (सप्लाय), व्हीएसएस (ग्राउंड), पीजीडी (डेटा), पीजीसी (क्लॉक) अशा पाच वायरी. एव्हीआरच्या (आर्डुइनो उनोवरच्या चिपचं घराणं) आयएसपीला, म्हणजे चिप बोर्डवरच ठेवून प्रोग्रॅम करायला, सहा.

हेडरच्या पिना मोजताना घोळ होतो, म्हणून आकडे देऊन ठेवतो. २० पिनांच्या मोठ्या आर्म हेडरवर व्हीटीरेफ १, एसडब्ल्यूडीआयओ ७, एसडब्ल्यूसीएलके ९, रीसेट १५. बारीक, १.२७ मिलिमीटर पिचच्या १० पिनी हेडरवर तेच अनुक्रमे १, २, ४ आणि १०. बोर्ड उलटा करून सोल्डरच्या बाजूने मोजत असाल तर डावं-उजवं बदलतं, हे मोजण्याआधी एकदा मोठ्याने म्हणा.

३. 'टार्गेट सापडलं नाही' असं येतंय. सगळ्यात आधी काय बघू?

सॉफ्टवेअर बंद करा आणि मल्टीमीटर काढा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक 'मेलेल्या' चिप जिवंत असतात; मेलेली असते ती एखादी वायर.

पहिलं माप सप्लायचं. ते चिपच्या पायांवर घ्यायचं, बोर्डच्या टर्मिनलवर नाही. व्हीडीडी आणि व्हीएसएसच्या जितक्या जोड्या असतील तितक्या सगळ्या मोजा. एसटीएम३२ एफ१०३ ला व्हीडीडीए ही अ‍ॅनालॉगची वेगळी पिन असते, आणि 'मी एडीसी वापरतच नाही' म्हणून ती मोकळी सोडलेली सापडते. तिला सप्लाय नसेल तर चिप रीसेटमधून बाहेरच येत नाही. पिक १६एफ८७७ए च्या ४० पायांत व्हीडीडी ११ आणि ३२ वर, व्हीएसएस १२ आणि ३१ वर. ब्रेडबोर्डवर एकच बाजू जोडलेली पोरं दर वर्षी भेटतात.

दुसरं माप रीसेट पिनचं. एसटीएम३२ ची एनआरएसटी, पिकची एमसीएलआर, एव्हीआरची रीसेट या सगळ्या कामाच्या वेळी सप्लायइतक्या वर असायला हव्यात. ०.४ व्होल्ट दिसत असेल तर कोणीतरी तिला खाली धरून बसलंय. बटण उलटं सोल्डर झालंय का ते आधी पाहा.

तिसरं, सप्लाय काढून कंटिन्यूटी. डिबगरच्या पिनेपासून थेट चिपच्या पायापर्यंत, प्रत्येक वायर. इथे एक फसगत आहे: प्रोब पायावर दाबून धरला की ड्राय सोल्डर झालेला पाय दाबाने पॅडला टेकतो आणि बीप वाजतो. प्रोब सोडला की पाय परत हवेत. म्हणून प्रोब हलका टेकवा, किंवा टोकाला शिवणकामाची सुई बांधा. शेजारच्या दोन पायांत बीप वाजत नाही ना, हेही त्याच फेरीत होऊन जाऊ दे.

चौथं माप एसटीएम३२ वाल्यांसाठी, आणि माझ्या सगळ्यात आवडीचं. डिबगर काढा, बूट० (सुरू होताना कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते ठरवणारी पिन) वर करा, सप्लाय द्या. आता पीए१३ म्हणजे एसडब्ल्यूडीआयओ ३.३ व्होल्टजवळ आणि पीए१४ म्हणजे एसडब्ल्यूसीएलके शून्याजवळ दिसली पाहिजे, कारण रीसेटनंतर पहिलीला आतून पुल-अप (वर ओढणारा रेझिस्टर) असतो आणि दुसरीला पुल-डाउन (खाली ओढणारा). असं दिसलं तर चिप शुद्धीवर आहे, दोष बाहेर शोधा. उलटं दिसलं तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे, आणि ही चूक मीही दर दोन महिन्यांनी करतो.

हे सगळं ठीक निघालं तरच सॉफ्टवेअरकडे वळा: वेग कमी करा (प्रश्न ७), रीसेट धरून जोडा (प्रश्न १०).

४. लॅपटॉपला डिबगरच दिसत नाही.

मग चिपचा संबंधच नाही. बोर्ड काढून ठेवा आणि डिबगर एकटा लावा. आधी केबल बदला. मोबाइलबरोबर येणाऱ्या काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. डिबगरवरचा दिवा लागतो म्हणून माणूस केबलवर संशय घेत नाही. मग हब टाळून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. विंडोजवर यूएसबीएएसपीसाठी झाडिग वापरून ड्रायव्हर बसवावा लागतो. लिनक्सवर 'सूडो' लावून चालतं आणि न लावता चालत नाही, असं असेल तर यूडेवचा नियम (साध्या युजरला डिबगर वापरायची परवानगी) टाकायचा राहिलाय.

५. बोर्डला सप्लाय डिबगरमधूनच दिला तर चालेल का? व्हीटीरेफ म्हणजे सप्लायच ना?

दोन वेगळे प्रश्न आहेत.

व्हीटीरेफ हा ओरिजिनल एसटी-लिंक आणि जे-लिंकवर इनपुट आहे. बोर्ड किती व्होल्टवर चालतो हे डिबगर त्यातून वाचतो. तिथून बोर्डला वीज मिळेल या आशेवर बसलात तर बसूनच राहाल. सॉफ्टवेअर टार्गेटचा व्होल्टेज ०.० दाखवत असेल तर नेमकं हेच झालंय. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे स्वस्त एसटी-लिंक मात्र ३.३ व्होल्ट बाहेर देतात आणि बोर्डचा व्होल्टेज मोजतच नाहीत. एकाचं सर्किट बघून दुसऱ्याला जोडलं की गोंधळ ठरलेला.

डिबगरमधून सप्लाय द्यायचाच असेल तर तो एकट्या चिपपुरता. पिकिट ३ फार तर ३० मिलिअँपिअर देतो. त्यावर रिले, १६ बाय २ एलसीडीचा बॅकलाइट आणि जीएसएम मॉड्यूल चालवायला गेलात तर व्होल्टेज कोसळेल आणि एरर मात्र 'आयडी चुकला' असा येईल. बोर्डला स्वतःचा सप्लाय असेल तर डिबगरची सप्लायची वायर जोडू नका. ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट एकमेकांवर चढवले की त्यातला गरीब आधी मरतो.

६. बोर्ड आणि डिबगर दोन्ही एकाच लॅपटॉपवरून चालतात. तरी ग्राउंडची वायर लावायची का?

लावायची. आणि सगळ्यात आधी लावायची, सगळ्यात शेवटी काढायची.

'हात लावला की कनेक्ट होतं, हात काढला की जातं' असा मेसेज आला तर दहापैकी नऊ वेळा ग्राउंड नसतं. तुमचं बोट ग्राउंडचं काम करत असतं.

बोर्डचा अडॅप्टर वेगळा असेल तर अजून एक भानगड. अर्थिंग नसलेल्या लॅपटॉप चार्जरच्या आत मेन्स आणि आउटपुटमध्ये वाय-कपॅसिटर असतो, त्यामुळे लॅपटॉपचं ग्राउंड जमिनीच्या तुलनेत तरंगतं. २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकवल्यावर जी झिणझिण लागते ती हीच. करंट फार थोडा, माणसाला काही होत नाही, पण ग्राउंडआधी एसडब्ल्यूडीआयओ टेकवली तर तो थोडा करंट त्या एका पिनेतून वाट काढतो. जुन्या चाळीतल्या गाळ्यांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असतो, तिथे हे हमखास. उपाय सोपा: जोडाजोडी करताना चार्जर काढा, बॅटरीवर काम करा.

ज्या बोर्डचं ग्राउंडच मेन्सला जोडलेलं आहे, त्यासाठी हे उत्तर अजिबात वापरू नका. थेट प्रश्न १९ वाचा.

७. वायर किती लांब चालेल?

१५ ते २० सेंटिमीटरपर्यंत निश्चिंत. अर्धा मीटर जंपर वायर जोडून ४ मेगाहर्ट्झवर कनेक्ट होत नाही म्हणून चिपला दोष देऊ नका. वेग १०० किलोहर्ट्झवर आणा. त्यावर चाललं तर वायरच दोषी. लांब न्यावीच लागली तर रिबन केबल घ्या आणि क्लॉकच्या शेजारची तार ग्राउंडला जोडा. क्लॉकला डिबगरच्या बाजूला ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकला तरी फरक पडतो.

८. घरी चालत होतं, कॉलेजात आल्यावर चालत नाही.

कल्याणहून सकाळच्या फास्ट लोकलने, बॅग छातीशी धरून आलात ना? मग ब्रेडबोर्डवरची एक तरी वायर निघालेली असणार. जंपर वायरच्या आतला पत्रा दोन-तीनशे वेळा घालून-काढून सैल होतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. डिबगच्या वायरींपुरता तरी हेडर सोल्डर करा.

पावसाळ्यात ही तक्रार वाढते. समुद्राकाठची दमट हवा ब्रेडबोर्डच्या क्लिपांवर आणि स्वस्त हेडरच्या पिनांवर काळपट थर चढवते. आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बाटली आणि जुना टूथब्रश जवळ ठेवा. पिना घासा, सोल्डरिंगनंतर राहिलेला चिकट फ्लक्सही पुसा. बोर्ड डब्यात ठेवताना बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी टाकली तर पैसे पडत नाहीत.

९. स्वस्त एसटी-लिंक घेतला. कव्हरवर छापल्याप्रमाणे जोडलं, तरी काही नाही.

कव्हर सरकवून काढा. आतल्या पीसीबीवर छापलेली नावं खरी. वरचा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा दुसऱ्याच मालाचा असू शकतो. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन नगांची पिनरचना मी वेगळी पाहिली आहे. दुसरं, यातल्या बऱ्याच नगांवर रीसेट म्हणून दिलेली पिन एसटीएम८ साठी असते. एसटीएम३२ च्या वेळी ती हलतच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये 'कनेक्ट अंडर रीसेट' निवडूनही उपयोग होत नाही. त्यावरचा हाताचा उपाय पुढच्याच उत्तरात.

दुसरा पर्याय हवा असेल तर रास्पबेरी पाय पिको घ्या आणि त्यात डिबग प्रोबचं फर्मवेअर टाका. जीपी२ क्लॉक, जीपी३ डेटा. तो सीएमएसआयएस-डॅप (आर्मच्या प्रमाण पद्धतीचा डिबगर) म्हणून दिसतो आणि ओपनओसीडी या डिबगच्या सॉफ्टवेअरशी व्यवस्थित चालतो. कुठल्या पिनेवर काय आहे याचा संशय तरी संपतो.

१०. ब्लू पिलमध्ये (एसटीएम३२ एफ१०३ चा छोटा बोर्ड) पहिला प्रोग्रॅम छान गेला. त्यानंतर बोर्ड कनेक्टच होत नाही. उडाला का?

उडाला नाही. तुमच्याच प्रोग्रॅमने आतून कडी लावली आहे.

पीए१३ आणि पीए१४ रीसेटनंतर एसडब्ल्यूडीच्या असतात, पण प्रोग्रॅम त्यांना साध्या इनपुट-आउटपुट पिना (जीपीआयओ) बनवू शकतो किंवा डिबग बंद करू शकतो. क्यूबएमएक्समध्ये (एसटीचं सुरुवातीचा कोड बनवून देणारं सॉफ्टवेअर) सिस्टिमच्या विभागात डिबगसाठी 'सीरियल वायर' निवडायचं राहून गेलं, की एफ१०३ च्या कोडमध्ये नेमकं हेच होतं. चिप सुरू होते, काही मिलिसेकंदांत ती ओळ चालते आणि दार बंद.

त्या मिलिसेकंदांच्या आत शिरायचं, एवढंच काम आहे. रीसेटची वायर जोडलेली असेल तर 'कनेक्ट अंडर रीसेट' निवडा. डिबगर रीसेट खाली धरून ठेवतो, चिपशी ओळख करून घेतो आणि पहिली ओळ चालण्याआधी तिला थांबवतो. वायर नसेल किंवा डिबगर प्रश्न ९ मधला असेल, तर रीसेटचं बटण बोटाने दाबून धरा, कनेक्टवर क्लिक करा आणि लगेच सोडा. जमेपर्यंत पाच-सहा वेळा करावं लागतं. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग बूट० चा: जंपर १ वर करा, रीसेट दाबा. आता चिप तुमचा प्रोग्रॅम न चालवता आतल्या बूटलोडरमध्ये जाते, डिबगच्या पिना मोकळ्या राहतात. कनेक्ट करा, पूर्ण इरेज करा, जंपर परत ० वर आणा. आणि क्यूबएमएक्समधली ती निवड सुधारा, नाहीतर अर्ध्या तासाने पुन्हा इथेच भेटू.

११. प्रोग्रॅममध्ये स्लीप वापरलाय. कधी कनेक्ट होतं, कधी नाही.

एसटीएम३२ स्टॉप किंवा स्टँडबायमध्ये गेली की डिबगच्या भागाचा क्लॉकही थांबतो. चिप जागी असताना क्लिक पडली तर कनेक्ट होतं. डीबीजीएमसीयू रजिस्टरमधले स्टॉप आणि स्टँडबायचे बिट विकासाच्या काळात चालू ठेवा. बॅटरीचा करंट मोजायच्या दिवशी ते बंद करायला विसरू नका, नाहीतर आकडे फुगलेले येतील. आत्ता अडकलेला बोर्ड सोडवायला प्रश्न १० मधलेच उपाय.

ब्रेकपॉइंटवर थांबलं की थोड्या वेळाने चिप आपोआप रीसेट होते, ही तक्रार यासारखी वाटते पण कारण वॉचडॉग आहे, म्हणजे प्रोग्रॅम अडकला असं समजून चिप रीसेट करणारा टायमर. डिबगच्या वेळी वॉचडॉग गोठवायचा बिटही डीबीजीएमसीयूमध्येच आहे.

१२. पिकिट म्हणतो डिव्हाइस आयडी शून्य.

शून्य म्हणजे चिपने काहीच उत्तर दिलं नाही. शून्य नसलेला पण चुकीचा आयडी आला तर सॉफ्टवेअरमध्ये चिपचा नंबर चुकीचा निवडलाय का ते पाहा; शून्यासाठी सर्किट बघावं लागतं.

पिकिटवरचा पांढरा त्रिकोण म्हणजे पिन १, म्हणजे एमसीएलआर. तिला १० किलोओहमचा पुल-अप हवा. थेट ५ व्होल्टला जोडलेली असेल तर १६एफ८७७ए सारख्या जुन्या पिकला लागणारे सुमारे १३ व्होल्ट चढणारच नाहीत, उलट ते तुमच्या ५ व्होल्टच्या लाइनवर जातील. एमसीएलआरवर कपॅसिटर लावू नका. एसटीएम३२ च्या एनआरएसटीवर १०० नॅनोफॅरड चालतो, सुचवलेलाच असतो, म्हणून लोक सवयीने इथेही लावतात. पिकिटचा सिग्नल मग हळू चढतो आणि चिप प्रोग्रॅमिंगमध्ये शिरत नाही.

पीजीसी आणि पीजीडीवर कपॅसिटर नको, मालिकेत डायोड नको, आणि पुल-अपही नको. पिकिटच्या आत या दोन्ही लाइनना ४.७ किलोओहमचे पुल-डाउन आहेत. तुमच्या पुल-अपबरोबर त्यांचा व्होल्टेज डिव्हायडर बनतो. १६एफ८७७ए वर या पिना म्हणजे आरबी६ आणि आरबी७, आणि कीपॅड किंवा एलईडी नेमके तिथेच जोडायचा मोह सगळ्यांना होतो. जोडायचंच असेल तर मध्ये १ किलोओहम टाका, पण एलईडीच्या बाजूला. पिकिट आणि चिप यांच्यामध्ये काही नको.

याच चिपवर अजून एक: लो व्होल्टेज प्रोग्रॅमिंग चालू असेल तर आरबी३ ही पीजीएम होते. ती मोकळी सोडली तर जवळच्या पंख्याच्या स्विचनेही चिप भलत्याच अवस्थेत जाऊ शकते. १० किलोओहमने खाली ओढा, किंवा कॉन्फिगमध्ये एलव्हीपी बंद करा. आणि पूर्ण इरेजसाठी हिला किमान ४.५ व्होल्ट लागतात. ३.३ वर ती वाचता येते पण पुसता येत नाही, तेव्हा एरर अर्ध्या वाटेवर येतो.

१३. पिकमध्ये प्रोग्रॅम जातो, पण डिबग सुरूच होत नाही.

पिक२४, डीएसपिक, पिक३२ वर पीजीईसी-पीजीईडीच्या (पीजीसी-पीजीडीचीच इथली नावं) दोन-तीन जोड्या असतात. प्रोग्रॅमिंग कुठल्याही जोडीवरून होतं. डिबग फक्त कॉन्फिग बिटमध्ये निवडलेल्या जोडीवरून. वायर दुसऱ्या जोडीला आणि कॉन्फिग पहिल्या जोडीचं असेल तर अगदी हेच लक्षण दिसतं. क्लॉक हे दुसरं कारण. क्रिस्टल चालत नसला तरी प्रोग्रॅम बर्न होतो, कारण तेव्हा क्लॉक पिकिट देतो. डिबगला मात्र चिपचा स्वतःचा क्लॉक लागतो. वॉचडॉग आणि कोड प्रोटेक्शन दोन्ही बंद आहेत का, तेही बघा.

१४. नवी एटीमेगा३२८पी आणली. यूएसबीएएसपी म्हणतो टार्गेट उत्तर देत नाही.

कारखान्यातून ती १ मेगाहर्ट्झवर येते: आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, भागिले ८. आयएसपीचा क्लॉक चिपच्या क्लॉकच्या एकचतुर्थांशापेक्षा कमी लागतो, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. एव्हीआरड्यूड या बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बी पर्यायाला १० द्या. काही यूएसबीएएसपीचं फर्मवेअर ते ऐकत नाही. तिथे स्लो क्लॉकचा जंपर जोडा.

आधी चालणारी चिप फ्यूज (चिपच्या सेटिंगचे बिट) बदलल्यावर गप्प झाली असेल, तर तुम्ही बहुधा बाहेरचा क्रिस्टल निवडलाय आणि क्रिस्टल लावलेला नाही. क्लॉकशिवाय चिप ऐकत नाही. २८ पायांच्या चिपच्या ९ नंबरच्या पायाला, म्हणजे एक्सटल१ ला, दुसऱ्या आर्डुइनोमधून काही मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल द्या. ती उठेल, मग फ्यूज परत करा. रीसेट पिनच बंद करणारा फ्यूज लावला असेल तर मात्र १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो.

१५. आर्डुइनो उनोवर डिबगवायर (एव्हीआरची एका वायरीची डिबग पद्धत) चालत नाही.

डिबगवायर रीसेटच्या एका पिनेवर चालतं, आणि उनोवर त्या पिनेला ऑटो-रीसेटचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. बोर्डवर रीसेट-ईएन लिहिलेला छोटा ट्रॅक ब्लेडने कापा. डिबगवायर चालू असेपर्यंत आयएसपी बंद असतं, हे ठाऊक ठेवा. परत येताना सॉफ्टवेअरमधून डिबगवायर बंद करूनच बाहेर पडा.

१६. ८०५१ ला डिबगर कसा जोडू?

एटी८९एस५२ ला नाही जोडता येत. आत डिबगचं सर्किटच नाही. आयएसपीने प्रोग्रॅम मात्र जातो: पी१.५, पी१.६, पी१.७ आणि रीसेट. क्रिस्टल लावलेला हवा, ईए पिन ५ व्होल्टला हवी. आणि एव्हीआरवरून येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, हिचा रीसेट वर असताना सक्रिय होतो. प्रश्न ३ मधलं रीसेटचं माप इथे उलटं वाचायचं.

१७. ओपनओसीडी म्हणतं आयडी अपेक्षेपेक्षा वेगळा आहे. पहिला अंक १ ऐवजी २.

बोर्ड ब्लू पिल असेल तर त्यावरची चिप एसटीची नाही, तिच्यासारखी बनवलेली दुसरी आहे. कनेक्शन नीट आहे, उलट चिपने प्रामाणिकपणे आपली ओळख सांगितली. कॉन्फिग फाइलमध्ये अपेक्षित आयडी बदलला की काम होतं. शिकण्यासाठी चालेल, गिऱ्हाइकाला द्यायच्या मालात मी वापरणार नाही.

१८. चिप लॉक झाली आहे. उघडता येईल का?

एसटीएम३२ वर संरक्षणाची पातळी १ असेल तर होय, पण ० वर आणताना सगळी फ्लॅश पुसली जाते. पातळी २ लावली असेल तर बहुतेक चिपवर कधीच नाही. डिबग कायमचं बंद. एफ१०३ वर पातळी २ नाहीच, एफ४ वर आहे. एनआरएफ५२ वर 'रिकव्हर' कमांड चालवा, तीही सगळं पुसते. दुसऱ्याचा कोड काढून देता का, हा प्रश्नही याच रांगेत येतो. नाही.

१९. एलईडी ड्रायव्हरच्या बोर्डवर डिबगर लावला आणि मोठा आवाज झाला.

तुम्ही ठीक आहात ना, ते आधी सांगा.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणाऱ्या बोर्डवर 'ग्राउंड' लिहिलेली लाइन थेट मेन्सला जोडलेली असते. काही पंख्यांचे रेग्युलेटर आणि स्मार्ट स्विच यातच येतात. डिबगरचं ग्राउंड लावलं म्हणजे २३० व्होल्ट लॅपटॉपच्या यूएसबीत घातले.

असा बोर्ड मेन्सवरून काढा, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करा, आणि डीसीच्या बाजूने बेंच सप्लायने ३.३ किंवा ५ व्होल्ट देऊन डिबग करा. नव्वद टक्के काम तिथेच होतं. मेन्सवर चालवूनच बघायचं असेल तर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा. एडीयूएम३१६० वर आधारित यूएसबी आयसोलेटर मिळतात, १२ मेगाबिटवर चालतात, आणि त्यांनी लॅपटॉप वाचतो. पण त्यांच्यापुढचा डिबगर स्वतः मेन्सच्या व्होल्टेजवर जातो. म्हणजे पेन ड्राइव्हएवढ्या त्या अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्याला हात लावायचा नाही. एकट्याने असताना हे काम करू नका.

२०. ईएसपी३२ वर जेटॅग लावला आणि बोर्ड सुरूच होईना.

जेटॅगच्या पिना १२, १३, १४, १५. त्यातली १२ सुरू होताना वर असेल तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायचे असं समजते आणि बूट होत नाही. एसडी कार्डही बहुधा याच पिनांवर असतं, दोन्ही एकत्र चालणार नाहीत. नवीन बोर्ड घेणार असाल तर एस३ किंवा सी३ घ्या. यूएसबीतूनच जेटॅग मिळतं, वेगळा डिबगर नको.

२१. आमच्या पीसीबीचे दहा नग आले. आठ चालतात, दोन कनेक्ट होत नाहीत.

डिझाइन बरोबर आहे, जोडणी बघा. चिपवरचा ठिपका योग्य कोपऱ्यात आहे का. ९० अंशांत फिरलेली चिप सप्लाय दिल्यावर चटकन गरम होते. मग भिंगाखाली पाय. मग व्हीकॅप: एसटीएम३२ एफ४०७ ला दोन पिनांवर २.२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात, आतल्या कोअरचा व्होल्टेज त्यांवर उभा असतो. एक निसटला असेल तर चिप अर्धवट जागी होते. पिक२४ आणि डीएसपिक३३ च्या बऱ्याच चिपनाही असाच एक, १० मायक्रोफॅरडचा. चाललेल्या बोर्डवर आणि न चाललेल्या बोर्डवर एकाच पिनेचा व्होल्टेज शेजारी लिहीत जा. फरक सहसा दहाव्या ओळीच्या आत सापडतो.

दहाच्या दहा नग चालत नसतील तर मात्र स्कीमॅटिक उघडा, आणि आधी हेडरचा फूटप्रिंट उलटा तर नाही ना ते पाहा.

२२. चिप खरंच उडाली, हे कसं ठरवू?

सप्लाय काढून व्हीडीडी आणि व्हीएसएसमधला रेझिस्टन्स मोजा. दोन-चार ओहम दिसले आणि कपॅसिटर काढूनही तेवढेच राहिले तर गेली. सप्लाय दिल्यावर बोट ठेववत नसेल तरी तेच. फक्त डिबगची एकच पिन मेलेली असू शकते. डायोड मोडमध्ये पीए१३ आणि ग्राउंड यांच्यातलं माप शेजारच्या पिनेशी जुळतं का बघा. एसटीएम३२ असेल तर बूट० वर करून सीरियल बूटलोडरने प्रोग्रॅम टाकता येतो का तेही पाहा, त्या पिना वेगळ्या असतात. डिबगर दुसऱ्या, चालत्या बोर्डवर लावून पाहिल्याशिवाय चिप बदलायला घेऊ नका.

२३. तुम्हाला प्रश्न पाठवताना काय पाठवू?

चिपवर छापलेला पूर्ण नंबर, डिबगर कोणता, एररची सगळी ओळ (मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको), आणि प्रश्न ३ मधली मापं (एसटीएम३२ असेल तर चारही) आकड्यांत. 'सप्लाय ओके आहे' हे माप नाही, ३.२८ हे माप आहे. जोडणीचा फोटो वरून काढा, वायरींचे रंग आणि पिन १ ची खूण दिसेल असा.